आधी बुडण्याचा कायदा, मग उद्योगाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका देशात ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) आणि डिजिटल मालमत्तेचा (बिटकॉइनसारखी नाणी, म्हणजे क्रिप्टो) उद्योग उभा राहावा म्हणून सरकारी धोरणाचा मसुदा तयार होतो आहे. त्यात पाच कलमं आहेत. स्टार्टअपसाठी निधी, सँडबॉक्स (नियामकाच्या देखरेखीखाली मर्यादित प्रयोग करायची सवलत), काही वर्षांची करमाफी, सरकारनं बांधायची ‘राष्ट्रीय ब्लॉकचेन’, आणि एखाद्या शहराला ‘हब’ म्हणून जाहीर करणं. यातलं आधी काय हाती घ्यावं, आणि काही सुटलंय का?

सुटलंय, आणि जे सुटलंय तेच पहिलं कलम असायला हवं. पाचही कलमं कंपन्या कशा याव्यात आणि कशा वाढाव्यात याबद्दल आहेत. कंपनी बुडाली तर तिच्याकडे ठेवलेल्या ग्राहकाच्या मालाचं काय, याबद्दल एक ओळही नाही. मी बरीच वर्षं या धंद्याच्या नियमपालनात आहे. आधी कंपन्यांचे परवाना अर्ज लिहायचो, आता तपासतो. दोन्ही खुर्च्यांत बसल्यावर एवढं पक्कं कळलं की निधी आणि हब या गोष्टी उशिरा आल्या तरी फारसं बिघडत नाही; दिवाळखोरीचा प्रश्न उशिरा सुटला की सगळंच बिघडतं.

दोन खटले शेजारी ठेवून पाहा. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला क्रिप्टोपिया नावाचं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार, होतं. जानेवारी २०१९ मध्ये ते हॅक झालं आणि मे महिन्यात अवसायनात, म्हणजे गाशा गुंडाळून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेलं. आठ लाखांहून अधिक खात्यांत काही ना काही शिल्लक होती. अवसायकांना न्यायालयात जाऊन विचारावं लागलं की उरलेली नाणी खातेदारांची समजायची, की कंपनीची, म्हणजे सगळ्या धनकोंमध्ये वाटायची? एप्रिल २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि कंपनी ती खातेदारांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत होती. म्हणजे कंपनीच्या इतर धनकोंना तिच्यावर हात टाकता येणार नाही.

दुसरा खटला अमेरिकेतल्या सेल्सियसचा. जुलै २०२२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ठरवलं की तिच्या व्याज देणाऱ्या ‘अर्न’ खात्यांतली, सुमारे ४.२ अब्ज डॉलर किमतीची नाणी कंपनीचीच आहेत. कारण सेवेच्या अटींत मालकी कंपनीकडे जाते असं लिहिलं होतं आणि ग्राहकांनी ‘मान्य आहे’वर टिचकी मारली होती. अशी खाती सहा लाखांच्या घरात. काल जे मालक होते ते आज विनातारण धनकोंच्या रांगेत.

तंत्रज्ञान दोन्हीकडे एकच. कुठलं नाणं कुठल्या पत्त्यावर आहे हे ब्लॉकचेनवर अख्ख्या जगाला दिसतं. ते कुणाचं आहे हे मात्र ब्लॉकचेन सांगू शकत नाही, ते कायदाच सांगतो. आणि कायदा गप्प असेल तर कंपनीच्या वकिलानं लिहिलेल्या अटी सांगतात.

जपानचं उदाहरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे हा धडा दोनदा गिरवावा लागला. टोकियोतलं माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं जाहीर झालं. त्यातले सुमारे दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या किल्ल्या ठेवायच्या डिजिटल पाकिटात) सापडले. खातेदारांना नाणी परत मिळायला सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये, दहा वर्षांनी. या धक्क्यानंतर जपाननं कायदा बदलला आणि एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजांना नोंदणी सक्तीची केली. तरी जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेकमधून सुमारे ५८ अब्ज येनची नाणी चोरीला गेली. ती इंटरनेटला जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवलेली होती. मग नियम आणखी आवळले गेले. मे २०२० पासून ग्राहकांच्या नाण्यांपैकी किमान ९५ टक्के इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये, कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवायची आणि ग्राहकांचा रोख पैसा ट्रस्टमध्ये, असं ठरलं.

तेव्हा धंद्यातले लोक कुरकुरले. आम्हीही कुरकुरलो. नाकापेक्षा मोती जड होईल, कंपन्या निघून जातील, वगैरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं एक्स्चेंज कोसळलं. त्याच्या जपानी उपकंपनीच्या ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, आपापली नाणी आणि पैसे काढायला मिळू लागले. मूळ कंपनीच्या ग्राहकांना पहिला हप्ता मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं, आणि तोही नोव्हेंबर २०२२ च्या पडलेल्या भावानं मोजून. एकाच समूहाचे, एकाच नावावर भरवसा ठेवलेले ग्राहक. कुणाचं खातं कुठल्या कायद्याखाली होतं, एवढाच फरक.

हे कायद्यात नेमकं कसं लिहायचं याचा चांगला नमुना स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथल्या दुरुस्त्या ऑगस्ट २०२१ पासून पूर्णपणे लागू झाल्या. सांभाळणाऱ्यानं ग्राहकाची क्रिप्टो मालमत्ता कायम उपलब्ध ठेवली असेल, आणि ती त्या ग्राहकाची एकट्याची किंवा सामाईक साठ्यात त्याचा ठरावीक वाटा आहे हे स्पष्ट असेल, तर दिवाळखोरीत ती बाजूला काढून त्याला परत मिळते. ‘कायम उपलब्ध’ हे शब्द महत्त्वाचे. ग्राहकाची नाणी दुसऱ्याला उसनी दिली की ती उपलब्ध राहत नाहीत, आणि तिथेच सुरक्षित ठेव आणि कर्ज यांतली रेघ ओढली जाते. ब्लॉकचेनवरची नोंद म्हणजेच रोखा, असंही त्या कायद्यानं मान्य केलं. त्यामुळे समभाग किंवा कर्जरोखे टोकन म्हणून, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदीच्या रूपात, काढणाऱ्याला समांतर कागद ठेवावा लागत नाही.

आता कायदा झाला तरी तो पाळला जातोय की नाही हे पाहायला माणसं लागतात, आणि ती माणसं काय पाहतात हेही ठरलेलं असावं लागतं. एक प्रसंग सांगतो. एका कंपनीचा अर्ज कागदावर देखणा होता. मोठी रक्कम हलवायला पाचपैकी तीन सह्या लागतात, पाच किल्ल्या पाच जणांकडे, वेगवेगळ्या जागी. मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर कोल्ड वॉलेटमधून, म्हणजे इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमधून, अगदी छोटी रक्कम काढून दाखवा. मग धावपळ सुरू झाली. दोघे रजेवर. उरलेल्या तिघांची उपकरणं एकाच कपाटाच्या एकाच खणात निघाली, आणि एका उपकरणाला त्याचा पिन लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. पाच किल्ल्यांचं कुलूप प्रत्यक्षात एका खणाचं कुलूप होतं. यात चोरीचा हेतू कुणाचाच नव्हता. रोजच्या घाईत माणसं सोय बघतात, एवढंच. पण नऊशे पानांच्या अर्जात हे कुठेही दिसलं नसतं.

दुसरी तपासणी म्हणजे आपली जुनी रोजकीर्द आणि खतावणी. ग्राहकांच्या खात्यांवर दाखवलेल्या शिल्लकांची बेरीज एका बाजूला, ब्लॉकचेनवर कंपनीच्या पत्त्यांत असलेली नाणी दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा ताळमेळ रोज, प्रत्येक नाण्यासाठी वेगळा. थोडा फरक निघणं चालतं, काही व्यवहार वाटेत असतात. फरकाचा खुलासा त्याच दिवशी लिहिलेला नसेल तर मी पुढचं काही वाचत नाही. अलीकडे कंपन्या ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ म्हणून मालमत्तेची बाजू मोठ्या थाटात जाहीर करतात. देण्याची बाजू न दाखवता नुसती मालमत्ता दाखवणं म्हणजे कर्ज झाकून बंगल्याचा फोटो दाखवण्यासारखं आहे.

इथून मी थेट बँक खात्याकडे येतो, कारण मसुद्यात तेही नाही. परवाना मिळालेल्या कंपनीला पगार द्यायला, भाडं भरायला, ग्राहकाचे पैसे घ्यायला बँकेत खातं लागतं. ते मिळत नसेल तर परवाना भिंतीवर टांगायचा. स्वित्झर्लंडमध्ये झुग परिसरात इथेरियम या ब्लॉकचेनमागची संस्था, इथेरियम फाउंडेशन, २०१४ मध्ये आली, पण पुढची कित्येक वर्षं ब्लॉकचेन कंपन्यांना बँका दारात उभं करत नव्हत्या. शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या बँकांच्या संघटनेनं, अशा कंपन्यांचं खातं उघडताना काय तपासावं याची मार्गदर्शिका काढली. बँकेच्या अधिकाऱ्याला धाडस करायला सांगून उपयोग नसतो. त्याला हातात यादी लागते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर ती दाखवता येते.

भारतात उलटा प्रयोग झाला. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना अशा कंपन्यांशी व्यवहार तोडायला सांगितलं. क्रिप्टोवर बंदी नाही, पण खातंही नाही, अशी स्थिती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक प्रमाणाबाहेरचं म्हणून रद्द केलं. नायजेरियानं फेब्रुवारी २०२१ मध्ये तसंच केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये मागे घेतलं. मधल्या काळात तिथला व्यवहार माणूस-ते-माणूस पद्धतीनं सुरूच राहिला, फक्त तो कुणाच्या वहीत दिसत नव्हता. दक्षिण कोरियानं सप्टेंबर २०२१ पासून एक्स्चेंजला बँकेचं खऱ्या नावाचं खातं बंधनकारक केलं, आणि मुदत संपली तेव्हा स्थानिक चलनात व्यवहार करू शकणारी चारच एक्स्चेंजं उरली. नियम वाईट नव्हता, पण निवड करण्याचा अधिकार नियामकाकडून नकळत बँकांकडे गेला. चारच दुकानं उघडी ठेवायची होती का, हे सरकारनं ठरवलंच नव्हतं.

आता ‘हब’. माल्टानं २०१८ मध्ये स्वतःला ‘ब्लॉकचेन बेट’ म्हणवत तीन कायदे एका झटक्यात केले आणि नोव्हेंबरपासून लागू केले. जगातलं सर्वात मोठं एक्स्चेंज तिकडे येणार अशा बातम्या झळकल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये माल्टाच्याच नियामकाला निवेदन काढावं लागलं की या एक्स्चेंजला आम्ही परवाना दिलेला नाही. एस्टोनियात २०१७ पासून परवाना जवळजवळ हजेरी लावल्यासारखा मिळायचा, शुल्क ३४५ युरो. हजाराहून जास्त परवाने वाटले गेले. त्यातल्या कित्येक कंपन्यांचा त्या देशाशी पत्त्यापलीकडे संबंध नव्हता. मग २०२० मध्ये पाचशेहून अधिक परवाने रद्द करावे लागले, २०२२ मध्ये भांडवलाची अट वाढवली, आणि २०२३ पर्यंत शंभरच्या आसपास कंपन्या उरल्या. मला एस्टोनियाचं कौतुकही वाटतं, चूक कळल्यावर त्यांनी ती झाकली नाही. पण परवान्यांची संख्या म्हणजे उद्योग, हा हिशेबच चुकीचा. मला एखाद्या देशाचं धोरण जोखायचं असेल तर मी विचारतो: नियामकाकडे ब्लॉकचेनवरचा व्यवहार स्वतः उलगडून वाचू शकणारी माणसं किती, आणि त्यांचा पगार किती? ती माणसं दोन वर्षांत कंपन्यांकडे पळतात. निधीच्या कलमातून खर्च करायचाच असेल तर त्याचा पहिला वाटा इथे टाका.

सिंगापूरनं जून २०२५ अखेर जे केलं तेही यातच बसतं. तिथे बसून फक्त परदेशी ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही परवाना घ्या नाहीतर काम थांबवा, असं सांगितलं, आणि असे परवाने क्वचितच मिळतील हेही आधीच स्पष्ट केलं. गडबड बाहेर, नाव आपलं खराब, हा धोका त्यांनी ओळखला होता.

टोकनच्या वर्गीकरणावर पानंच्या पानं लिहिली जातात. मी थोडक्यात आटोपतो. स्विस नियामक फिनमानं फेब्रुवारी २०१८ मध्ये तीन खण केले: पैसे चुकते करण्याचं टोकन, सेवा वापरण्याचं टोकन, आणि मालमत्तेचं टोकन. युरोपच्या मायका नियमावलीनं वेगळे खण केले. कुठलेही घ्या. कंपनीनं अर्ज केल्यावर ठरावीक दिवसांत ‘तुमचं टोकन या खणात’ असं लेखी उत्तर मिळतं की नाही, यावर सगळं आहे. खण थोडे चुकले तरी धंदा जुळवून घेतो. वर्षानुवर्षं भिजत पडलेल्या घोंगड्याशी तो जुळवून घेत नाही. अमेरिकेनं कित्येक वर्षं खटल्यांतून नियम शोधत याची किंमत मोजली.

स्टेबलकॉइनला, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्याला, मात्र वेगळं प्रकरण द्या. ती उद्योगनीती कमी आणि चलननीती जास्त आहे. १० मार्च २०२३, शुक्रवार. सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली, आणि यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्याच्या राखीव निधीपैकी ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकल्याचं बाहेर आलं. शनिवारी बँका बंद, पण ब्लॉकचेनला शनिवार-रविवार नसतो. लोक विकत सुटले आणि एका डॉलरचं नाणं ८८ सेंटच्याही खाली गेलं. रविवारी अमेरिकी सरकारनं त्या बँकेच्या सर्व ठेवींची हमी दिली तेव्हा ते सावरलं. म्हणजे ‘बँकांची गरज नाही’ म्हणून जन्मलेल्या तंत्राला बँकेच्याच पडझडीनं हलवलं आणि सरकारी हमीनं वाचवलं.

राखीव निधी कुठे ठेवायचा याचे नियम दोन ठिकाणी उलटे आहेत, म्हणून मसुदा लिहिणाऱ्यानं इथे डोकं लावावं. युरोपची मायका म्हणते की राखीव निधीचा किमान ३० टक्के भाग बँक ठेवींत ठेवा, आणि नाणं फार मोठं झालं तर ६० टक्के. अमेरिकेच्या जुलै २०२५ च्या जीनियस या स्टेबलकॉइन कायद्यात अल्पमुदतीचे सरकारी रोखे चालतात. ठेवींमुळे पैसा चटकन हाती येतो, पण बँक बुडण्याचा धोका नाण्यात शिरतो. रोख्यांत तो धोका कमी, पण गर्दीनं परत मागायला लोक आले तर सगळे रोखे एकदम विकावे लागतात. माझं मत रोख्यांकडे झुकतं, मात्र एका अटीवर. देशाचा अल्पमुदतीचा रोखेबाजार खोल असावा. तो उथळ असेल तर हे अनुकरण महागात पडेल. जपाननं २०२३ पासून तिसरी वाट धरली: असं नाणं कुणी काढायचं, तर बँकांनी, ट्रस्ट कंपन्यांनी किंवा नोंदणीकृत पैसेहस्तांतरण संस्थांनी.

लहान चलन असलेल्या देशाला आणखी एक काळजी आहे. लोकांच्या फोनवर डॉलरचं नाणं आलं की बचत तिकडे सरकते. मायकानं परकीय चलनाच्या नाण्यासाठी विनिमयातला वापर दिवसाला दहा लाख व्यवहार आणि २० कोटी युरो यांपुढे गेला तर नवी नाणी काढणं थांबवायची तरतूद केली. हा बांध टिकेल की नाही मला शंका आहे. पण स्वतःच्या चलनातलं नाणं काढायला कायदेशीर वाटच न ठेवणं हा त्याहून मोठा धोका, कारण मग स्पर्धेत डॉलर एकटाच धावतो.

करमाफीचं कलम मी काढून टाकीन. माफी लागत नाही, जमेल असा हिशेब लागतो. भारताचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. त्यातल्या ३० टक्क्यांवर सगळे ओरडले, बाजार मात्र त्या एका टक्क्यानं आटवला. कसा, ते पाहा. मार्केट मेकर सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवतो, म्हणूनच बाकीच्यांना हवं तेव्हा विकता येतं. त्याच्याकडे शंभराचं भांडवल धरा. पहिल्या विक्रीनंतर हातात ९९, मग ९८.०१, आणि सत्तराव्या फेरीला निम्मं भांडवल सरकारकडे जमा. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतं किंवा करात वळतं होतं हे खरं, पण तोवर तो काय फिरवणार? सत्तर फेऱ्या ही त्याची सकाळ असते. तो निघून गेला, मग भावांतली फट रुंदावली, मग ग्राहक परदेशी एक्स्चेंजांकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला अशा नऊ परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा काढाव्या लागल्या. व्यवहाराचा माग ठेवणं हा हेतू असेल तर शंभरावा हिस्सा दरही पुरला असता, आणि एक्स्चेंजकडून थेट माहिती मागवली तर तोही नको.

जपानची चूक वेगळी होती. कंपनीनं स्वतः काढून स्वतःकडे राखलेल्या टोकनवर, न विकताच, वर्षअखेरच्या बाजारभावानं कर. नव्या कंपनीच्या तिजोरीत पैसा नसतो, टोकनच असतात. कर भरायला तीच विकावी लागली तर भाव पडणार. बरेच संस्थापक सिंगापूरला गेले. २०२३ मध्ये ती तरतूद शिथिल झाली, गेलेले मात्र सगळे परतले नाहीत.

राहिली ‘राष्ट्रीय ब्लॉकचेन’. मंत्र्यांना ती आवडते, कारण तिचं उद्घाटन करता येतं. मी अशा बैठकीत एकच विचारतो: कुणाचा कुणावर विश्वास नाही म्हणून ही हवी आहे? सगळ्या नोंदी एकाच खात्याच्या, सर्व्हर त्याच खात्याचे, दुरुस्तीचा अधिकारही त्याच खात्याला असेल, तर साधा डेटाबेस आणि चांगला लेखापरीक्षक स्वस्त पडतो. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारानं २०१७ मध्ये व्यवहारपूर्तीची जुनी प्रणाली वितरित खतावणीवर, म्हणजे ब्लॉकचेनसारख्या सामाईक नोंदवहीवर, नेण्याचं ठरवलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये काम थांबवून सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत खाती टाकले. त्याच महिन्यात मेर्स्क आणि आयबीएमचं जहाजवाहतुकीचं ट्रेडलेन्स बंद करायचं ठरलं. तिथे परस्पर अविश्वास भरपूर होता, गरज खरी होती; पण प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या मंचावर आपली माहिती मनापासून टाकायला सगळे तयार झाले नाहीत.

जिथे जमलं तिथे गोष्ट लहान ठेवली गेली. एस्टोनियाचा सगळा सरकारी कारभार ब्लॉकचेनवर चालतो असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. माहितीची देवाणघेवाण करणारा त्यांचा एक्स-रोड ब्लॉकचेन नव्हे. २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर त्यांना हवी होती ती एकच हमी, की आतल्या माणसानंही नोंद गुपचूप बदलली तर ते उघडं पडावं. म्हणून सरकारी नोंदींचे नुसते ठसे, म्हणजे हॅश, साखळीत गुंफले जातात. मूळ माहिती जागच्या जागी. भारतात व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार नियामकानं २०१८ च्या नियमांतून डीएलटी, म्हणजे अशीच वितरित खतावणी, आणली, तिथेही गरज खरी आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांना कुणाचं शीर्षक, कुणाचा मजकूर, कुणाची संमती, याची एकच मान्य नोंद हवी होती. स्पॅम त्यानं संपला असं मी म्हणणार नाही. पण लाखो छोट्या व्यावसायिकांना ब्लॉकचेन हा शब्द न उच्चारता ती वापरायला लावणारं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

सरकारनं स्वतः नाणी घेण्याचा किंवा चलन म्हणून लादण्याचा विषय मसुद्यात नाही हे बरं आहे. एल साल्वादोरनं सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, सरकारी वॉलेट घेणाऱ्याला ३० डॉलर दिले. बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि ॲप विसरले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाशी जोडून जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारण्याची सक्तीही गेली.

सँडबॉक्स ठेवा, पण त्याला बाहेर पडायचं दार असू द्या. किती ग्राहक, किती रक्कम, किती महिने, आणि शेवटी परवाना की बंद, हे पहिल्या दिवशी लिहिलेलं हवं. मी अशा कंपन्या पाहिल्यात ज्या सँडबॉक्समध्येच म्हाताऱ्या झाल्या. नियामकाला निर्णय टाळता येतो आणि कंपनीला ‘सरकारमान्य’ म्हणून मिरवता येतं, म्हणून दोघांनाही ते सोयीचं वाटतं.

आता पहिल्या कलमाचा मसुदा. मी लिहीन तो साधारण असा: ‘परवानाधारकाने ग्राहकासाठी धारण केलेली डिजिटल मालमत्ता ही परवानाधारकाच्या मालमत्तेचा भाग समजली जाणार नाही, तिच्यावर परवानाधारकाच्या धनकोंचा हक्क असणार नाही, आणि ग्राहकाच्या प्रत्येक वेळच्या स्वतंत्र लेखी संमतीविना ती उसनी देता अथवा तारण ठेवता येणार नाही, मग करारात काहीही म्हटलेले असो.’ शेवटचे पाच शब्द सल्लामसलतीच्या फेरीत वगळायला सांगितले जातील. करारस्वातंत्र्य, आंतरराष्ट्रीय प्रथा, गुंतवणूकदारांचा कल अशी कारणं येतील, आणि ती मांडणारे वकील हुशार असतील. सेल्सियसच्या ग्राहकांची मालकी गेली ती हेच पाच शब्द कुठे नव्हते म्हणून, एवढं त्या बैठकीत सांगा, आणि मग पुढच्या कलमाकडे वळा.